खंडणी कोणाला?

(दृश्य: नाशिक, रामकुंड, सकाळ)

इथे प्रायश्चित्त घेणारा स्वतः पाण्यात उतरतो. चूक त्याची, संकल्प त्याचा, स्नानही त्याचंच. शरणपूर रस्त्यावरच्या चर्चमध्ये मात्र याच शब्दाचा कर्ता बदलतो. दोष माणसाचा, प्रायश्चित्त ख्रिस्ताचं. मराठी कान इथे अडखळतो, आणि ते रास्तच आहे.

(दृश्य: उघडं पवित्र शास्त्र)

या अर्थाचं मूळ सापडतं बायबलमधल्या लेवीय पुस्तकाच्या १६व्या अध्यायात. दोन बोकड, त्यांच्यावर चिठ्ठ्या. एकाचा वध होतो. त्याचं रक्त मुख्य याजक पडद्याआड नेऊन दयासनावर, म्हणजे कराराच्या पेटीच्या झाकणावर, आणि दयासनापुढे शिंपडतो; पवित्रस्थान शुद्ध होतं. दुसऱ्याच्या डोक्यावर तो दोन्ही हात ठेवतो, लोकांची पापं कबूल करतो आणि त्याला जिवंत रानात धाडतो. प्रवचनांत हे दोन बोकड फार सहज एक होऊन जातात. पापं लादली जातात ती जिवंत बोकडावर, मारलेल्यावर नाही. म्हणून ‘रक्त म्हणजे शिक्षा’ एवढंच सांगितलं की अर्धा अध्याय निसटतो. दुसऱ्यांचं पाप वाहणं आणि मरण, दोन्ही एकाच माणसावर येतात ते यशया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या ५३व्या अध्यायातल्या देवाच्या सेवकावर.

(दृश्य: शरणपूर)

मार्क १०:४५मध्ये येशू आपला जीव ‘खंडणी’ म्हणून देतो. आज खंडणी म्हटलं की गुंडाचा फोन आठवतो. मूळ ग्रीक शब्द ‘लुत्रोन’ म्हणजे गुलाम किंवा कैदी सोडवण्याचं मोल. ते कोणाला दिलं, हे वचन सांगत नाही. तिसऱ्या शतकातल्या ओरिजेन या धर्मपंडिताने उत्तर दिलं, सैतानाला. १०९८ साली कँटरबरीचा आर्चबिशप अन्सेल्मने ते खोडलं: देणं होतं देवाच्या सन्मानाचं. सोळाव्या शतकात धर्मसुधारक कॅल्व्हिनने न्यायालयाची भाषा आणली. सन्मानाच्या जागी शिक्षा आली.

एकोणिसाव्या शतकात याच शरणपुरात गुलामीतून सुटलेली आफ्रिकन मुलं राहत होती. ब्रिटिश नौदलाने गुलामांची जहाजं पकडली म्हणून ती सुटली. त्यांच्यासाठी कोणी मोल मोजलं नव्हतं. सुटकेचं हे चित्रही आद्य चर्चला ओळखीचं होतं: ख्रिस्त बंदिवान करणाऱ्यालाच जिंकतो.

सर्वांत घातक चूक मात्र वेगळीच. रागावलेला बाप, आणि सापडला म्हणून मारलेला निर्दोष मुलगा. असं मांडलं की तो उघड अन्याय ठरतो. २ करिंथ ५:१९ वाचा: ख्रिस्ताच्या ठायी स्वतः देवच जगाशी समेट करत होता. भरपाई मागणारा आणि ती भरणारा, तिथे दोन पक्ष नाहीत.