लीज फेरी : कोलोरॅडोकाठचं ओस गाव

नमस्कार मंडळी. अमेरिकेतल्या ॲरिझोनात, पेज गावाहून ग्रँड कॅनियनच्या उत्तर काठाला (नॉर्थ रिमला) जाताना आपण नवाहो पुलावर थांबतो, ४६७ फूट खालची कोलोरॅडो नदी पाहतो आणि पुढे निघतो. या पुलाने ज्या गावाचं, नावेने लोकांना नदीपार नेण्याचं, काम संपवलं, ते लीज फेरी तिथून पाचेक मैल वरच्या अंगाला आहे.

गाव तिथेच का? वर ग्लेन कॅनियन, खाली मार्बल कॅनियन, दोन्हीकडे उभे कडे. पारिया नदी मिळते तिथे मात्र मऊ खडक झिजून घोडागाडी पाण्यापर्यंत उतरेल अशी वाट झाली आहे. १७७६ साली दोन स्पॅनिश पाद्री इथवर आले, पण नदी ओलांडता न आल्याने त्यांना वर दुसरी जागा शोधावी लागली. माउंटन मेडोज हत्याकांडातला (१८५७ मध्ये युटात स्थलांतरितांच्या तांड्याची झालेली कत्तल) फरारी आरोपी जॉन ली याने जानेवारी १८७३ मध्ये इथे मोठी नाव सोडली. १८७७ मध्ये त्याला गोळ्या घालून देहदंड दिला गेला. पुढे बरीच वर्षं वॉरन जॉन्सनने नाव चालवली.

आधी वल्ही होती, नंतर तार आली. नदीवर आडवी पोलादी तार, आणि नावेची दोन्ही टोकं कप्प्यांवरच्या दोरांनी तिला बांधलेली. पुढचा दोर आखूड केला की नाव प्रवाहाला तिरकी होते आणि पाण्याचा रेटाच तिला पलीकडे नेतो. धोकाही त्यातच: पुरात दोर वेळेवर सैल झाला नाही, तर वरच्या अंगाची कड पाण्याखाली जाते आणि नाव कलंडते.

७ जून १९२८ रोजी पुराच्या पाण्यात नाव बुडाली, तीन माणसं गेली. पुलाचं काम तेव्हा चालूच होतं. समोरचा काठ ८०० फुटांवर, पण सामान ट्रकने ८०० मैलांचा वळसा घालून न्यावं लागलं. नाव पुन्हा सुरू झाली नाही. १९२९ च्या जानेवारीत पूल खुला झाला.

पाणी कमी असताना काठाशी एक गंजलेला बॉयलर दिसतो. चार्ल्स स्पेन्सरच्या सोन्याच्या उद्योगासाठी १९१२ साली आणलेल्या ९२ फुटी आगबोटीचा तो. २८ मैलांवरून कोळसा आणायचा, आणि आणलेला बहुतेक कोळसा ती स्वतःच जाळायची!

जवळच्या लोनली डेल या जुन्या शेतवाडीत लाकडी घरं आहेत, आणि दफनभूमीत १८९१ मध्ये घटसर्पाने गेलेली जॉन्सनची चार मुलं. जुन्या वाडीतली पिकलेली फळं तोडायला परवानगी आहे. उन्हाळ्यात गेलात तर पाणी भरपूर न्या, सावली फार थोडी आहे.