शेऱ्याचा चौकोन

नमस्कार मंडळी.

मागच्या जूनमधली गोष्ट सांगतो. नातवाचं अकरावीचं ॲडमिशन होतं, त्यासाठी एक दाखला काढायचा होता, आणि मी घरात मोठ्या तोऱ्यात सांगितलं की सेंटरवर कशाला जाताय, मी बसल्याजागी ऑनलाइन भरतो. तोरा का, तर मी स्वतः ३१ वर्षं सरकारी नोकरीत काढली, बहुतेक सगळी महसूल खात्यात, कारकून म्हणून चिकटलो आणि नायब तहसीलदार म्हणून बाहेर पडलो. म्हणजे दाखला हा आपला घरचा प्रांत. फॉर्म भरला, कागदं अपलोड केली, फी भरली, चहा प्यायलो. सहाव्या दिवशी मेसेज, अर्ज परत. आत लॉगिन करून बघतो तर शेऱ्याच्या चौकोनात तीनच शब्द. त्रुटी पूर्तता करावी.

कुठली त्रुटी? कशाची पूर्तता? मी तो स्क्रीन खाली-वर केला, मोबाईल आडवा करून बघितला, अजून काहीच नाही. सून म्हणाली, बाबा, तुमच्याच खात्याची भाषा आहे, तुम्हीच सांगा अर्थ. आणि मला तेव्हा हसू फुटलं, कारण हेच तीन शब्द मी माझ्या हाताने किती हजार अर्जांवर लिहिले असतील त्याला गणती नाही, पण वाचायची वेळ पहिल्यांदा आली होती.

आज रेडिओ स्टेशनने मला विषय दिलाय डिजिटल जमाना, चांगला संवाद आणि सरकारी नोकरीतलं करिअर. फार मोठा विषय आहे, मी आपला त्या चौकोनाबद्दलच बोलणार आहे.

पूर्वी कसं होतं बघा, शेरा लिहायचो कागदावर आणि अर्ज करणारा माणूस समोर टेबलाशी उभा असायचा. मी कागदावर 'त्रुटी' एवढंच खरडायचो पण तोंडाने सांगायचो, अहो मावशी, रेशनकार्डाच्या मागच्या पानाची झेरॉक्स राहिलीय, ती घेऊन या, आणि येताना मुलाला आणा सहीला. म्हणजे खरं बोलणं तोंडी व्हायचं. लिहिणं कशासाठी, तर उद्या कुणी विचारलं तर आपली मान मोकळी हवी म्हणून. आता ऑनलाइन झालं, चांगलंच झालं, माझा अजिबात विरोध नाही, मावशींचा दोन एसटींचा प्रवास वाचला. पण टेबल गेलं तशी ती तोंडी वाक्यंही गेली आणि मागे उरला फक्त शेरा, जो कधी मावशींसाठी लिहिलेलाच नव्हता.

आणि अजून एक आतली गोष्ट सांगतो. २०१५ साली आपल्याकडे सेवा हक्क कायदा आला, प्रत्येक दाखल्याला ठरलेली मुदत, मुदतीत दिला नाही तर अपील, आणि अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंडाची तरतूद. कायदा उत्तम आहे. पण मुदत संपत आली, डॅशबोर्डवर आपलं नाव लाल व्हायची वेळ आली की माणसाला मोह होतो, अर्ज एकदा परत पाठवला की तो आपल्या यादीतून तात्पुरता गेला. मग 'त्रुटी' हा शब्द फार कामाला येतो, त्यात काही खोटं नसतं आणि काही खरंही नसतं. सगळे असं करतात असं म्हणणार नाही, मी केलंय, रिटायर झाल्यावर कबूल करायला काय जातंय.

लोक म्हणतात सरकारी मराठी अवघड शब्दांमुळे कळत नाही. मला ते अर्धंच पटतं. नवे शब्द घडवणं ही आपल्याकडची जुनी गोष्ट आहे, शिवाजी महाराजांनी फारसी शब्दांना पर्याय म्हणून राज्यव्यवहारकोश करून घेतला, बडोद्याला सयाजीरावांनी १९३१ मध्ये कारभाराच्या शब्दांचा भलामोठा शब्दकल्पतरू छापला, पुढे १९६० मध्ये भाषा संचालनालय निघालं, १९६४ चा राजभाषा अधिनियम आला, सरकारी पदांच्या नावांचा पदनाम कोश झाला. आणि त्यातले कितीतरी शब्द रुळले की हो, अधीक्षक म्हटलं तर आज कुणी दचकत नाही. शब्द रुळतात. घोळ घालतं ते वाक्य. 'कार्यवाही करण्यात यावी', 'निदर्शनास आणून देण्यात येत आहे', 'सदर बाब तपासून घेण्यात यावी', आता यात करणारा कोण, सांगा बघू? कुणीच नाही. पूर्ण पानभर पत्र असतं आणि त्यात एकसुद्धा माणूस नसतो. आमच्या बारनिशीतला, म्हणजे आवक-जावक टपालाच्या टेबलावरचा, एक जुना कारकून म्हणायचा, क्रियापद असं ठेवायचं की पकडलं तरी हातात शेपूट येऊ नये. आम्ही हसायचो आणि तसंच लिहायचो.

डिजिटलमध्ये ही सवय जास्त महागात पडते. ज्यांनी मंत्रालयात किंवा कलेक्टर ऑफिसला ई-ऑफिसवर, म्हणजे कॉम्प्युटरवरच फायली फिरवायच्या पद्धतीत, काम केलंय त्यांना माहितीय, टिपणी आधी पिवळ्या पानावर असते, तोपर्यंत खोडा, बदला, फेकून द्या, पण एकदा ती हिरव्या पानावर गेली की संपलं, मग ती तशीच राहणार, तुमच्या नावासकट, वेळेसकट. कागदी नस्तीत, म्हणजे फायलीत, निदान एखादं पान 'गहाळ' व्हायचं, हे मी चेष्टेत म्हणतोय, स्टेशनवाले घाबरू नका.

आता लाडकी बहीण योजनेचं उदाहरण घेऊ, २०२४ च्या जुलैपासून महिन्याला १५०० रुपये, ते तुम्हाला मी सांगायला नको. पैसे न येण्याच्या तक्रारी यायला लागल्या तेव्हा बायका बँकेत जायच्या, बँकवाला सांगायचा आधार लिंक आहे, आणि इकडे स्टेटस दाखवायचं आधार सीडिंग नाही. बाई म्हणणार, दोघातलं कोण खोटं बोलतंय? कुणीच नाही हो, दोन्ही वेगवेगळ्या गोष्टी आहेत. लिंक म्हणजे बँकेने तुमचा आधार नंबर आपल्या खात्याच्या केवायसीला जोडलाय. सीडिंग म्हणजे एनपीसीआय, म्हणजे बँकाबँकांतले पैसे फिरवणारी संस्था, तिच्या यादीत तुमच्या आधारसमोर कुठल्यातरी एका बँकेचं नाव लिहिलंय, आणि सरकारचे थेट जमा होणारे पैसे फक्त त्या एकाच बँकेत जातात, जिथे सगळ्यात शेवटी सीडिंग झालं तिथे. म्हणजे बाईचे पैसे कधीकधी तीन वर्षांपूर्वी उघडून विसरलेल्या खात्यात आरामात जमा होत होते. माझ्या ओळखीतली एक अंगणवाडी सेविका आहे, तिने काय केलं, ग्रुपवर एक मिनिटाचा व्हॉइस मेसेज टाकला, बायांनो, लिंक म्हणजे बँकेला तुमचं नाव माहितीय, सीडिंग म्हणजे सरकारला तुमची बँक माहितीय. बस. एवढ्या एका वाक्याने गावातल्या कित्येक खेपा वाचल्या असतील. दहा पानी परिपत्रक एकीकडे आणि हे वाक्य एकीकडे. तिला कुणी कम्युनिकेशन स्किल शिकवलं नव्हतं, तिला फक्त माहिती होतं की ऐकणारी बाई कुठे अडकलीय.

तसंच ई-पीक पाहणीचं. १५ ऑगस्ट २०२१ पासून शेतकऱ्याने स्वतः ॲपवर आपल्या पिकाचा फोटो टाकायचा, सातबाऱ्यातल्या बारा नंबरला पिकाची नोंद त्यावरून. पूर्वी ती नोंद तलाठी करायचा, काही वेळा शेतात जाऊन, काही वेळा पारावर बसून, असो. आता तलाठ्याचं नाव ग्राम महसूल अधिकारी झालंय, लोक मात्र भाऊसाहेबच म्हणतात. तर ज्या भाऊसाहेबांनी ग्रुपवर नुसतं 'सर्व खातेदारांनी पीक पाहणी नोंदवावी, अंतिम मुदत' वगैरे पीडीएफ ढकलली त्यांना शेवटच्या दोन दिवसांत रात्री अकरापर्यंत फोन, आणि ज्यांनी एका शेतकऱ्याला बांधावर उभं करून, रेंज नसेल तर फोटो आधी काढून ठेव, अपलोड नंतर घरी जाऊन कर, असं व्हिडिओत दाखवलं त्यांचं काम आधीच आटपलं.

पीडीएफवरून आठवलं, आमच्या पिढीने मराठी टाईप केलं ते असल्या फॉन्टमध्ये की दुसऱ्या कॉम्प्युटरवर फाईल उघडली की सगळी इंग्रजी अक्षरांची भेळ दिसायची. युनिकोड आल्यावर ते सुटलं. तरी अजून काही ठिकाणी जुना फॉन्ट आणि त्याची प्रिंट काढून ती स्कॅन करून पीडीएफ, म्हणजे मोबाईलवर त्यातला एक शब्द शोधता येत नाही की कॉपी करता येत नाही. याला डिजिटल म्हणायचं म्हणजे चुलीचा फोटो काढून गॅस आला म्हणण्यासारखं आहे.

आता जी पोरं-पोरी अभ्यासिकेतून ऐकतायत त्यांच्यासाठी थोडं. तुमचा सगळा अभ्यास कित्येक वर्षं गोळे रंगवण्याचा होता, चार पर्याय, एक बरोबर. मग लोकसेवा आयोगाने राज्यसेवा मुख्य परीक्षा लेखी करायचं ठरवलं, २०२३ च्या सुरुवातीला पुण्यात त्यावरून मोठं आंदोलन झालं, आणि नवा पॅटर्न २०२५ वर ढकलला गेला. १७५० मार्कांची लेखी आणि २७५ ची मुलाखत. ज्यांची चार-पाच वर्षं जुन्या पद्धतीत गेली त्यांचा राग मला समजतो, ऐन वेळी नियम बदलले की कुणालाही येईल. पण पॅटर्न म्हणून मला विचाराल तर नवाच बरा, कारण नोकरीत एकदा लागलात की चार पर्याय कुणी देत नाही. समोर कोरा चौकोन असतो. क्लार्कच्या परीक्षेत मराठी टायपिंगचा मिनिटाला ३० शब्दांचा स्पीड बघतात, बघायलाच पाहिजे, पण त्या तीस शब्दांत काय म्हटलंय हे बघणारं मशीन अजून आलेलं नाही. माझ्या हाताखाली एक पोरगा होता, टायपिंग अतिशय स्लो, दोन बोटांनी, पण त्याच्या टेबलावरून परत पाठवलेला अर्ज दुसऱ्यांदा कधी परत गेला नाही. साहेब बदलले की प्रत्येक नवा साहेब आठवड्याभरात त्याला आपल्या केबिनमध्ये बसवायचा, हा मला करिअरचा खरा अर्थ वाटतो, प्रमोशन तर सिनिऑरिटीने सगळ्यांनाच मिळतं.

आणि रील. हो, त्याबद्दल बोललं पाहिजे. मुंबई पोलिसांनी २०१५ च्या डिसेंबरमध्ये ट्विटरवर खातं उघडलं आणि हेल्मेट, ओटीपी, दारू पिऊन गाडी असल्या विषयांवर असे विनोद टाकले की लोक पोलिसांच्या पोस्ट स्वतःहून शेअर करायला लागले. ते खात्याचं बोलणं होतं. पण हल्ली नुकताच जॉइन झालेला अधिकारी सरकारी गाडीतून स्लो मोशनमध्ये उतरताना दिसतो, मागे गाणं, आणि खाली शंभर कमेंट, सर माझा अर्ज अडकलाय. एकालाही उत्तर नाही. शासनाने २०२५ च्या जुलैमध्ये नियम काढले की सरकारी आणि खासगी अकाउंट वेगळं ठेवा, खासगी अकाउंटच्या रीलमध्ये गणवेश, सरकारी गाडी, इमारत दाखवू नका, आणि बदली झाली की ऑफिसचं अकाउंट पुढच्या माणसाच्या ताब्यात द्या. त्यात सरकारच्या धोरणांवर टीका करू नका असंही आहे, त्याबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे पण तो आजचा विषय नाही. अकाउंट चार्जमध्ये द्यायचं ही गोष्ट मात्र मला फार आवडली. आमच्या वेळी चार्ज देताना कपाटाच्या किल्ल्या आणि शिक्का मोजून द्यायचो, आता पासवर्ड.

नवीन एक गंमत सांगतो आणि मग मूळ गोष्टीवर येतो. एका ओळखीच्या ऑफिसात मी सहज बसलो होतो, तिथे एक पत्र आलं, सुरुवात अशी की 'मला आशा आहे की हे पत्र तुम्हाला उत्तम आरोग्यात सापडेल'. पाणीपुरवठ्याच्या थकबाकीचं पत्र! एआयकडून लिहून घेतलं होतं आणि वाचलं नव्हतं. तिथला शिपाई म्हणाला, साहेब, निदान हा 'सदर' तरी म्हणत नाही.

तर नातवाचा दाखला. मी शेवटी गेलोच ऑफिसला. ओळख सांगितली नाही, रांगेत उभा राहिलो. टेबलावर पंचविशीतली मुलगी, नव्या भरतीतली, समोर दोन मोबाईल आणि एक थिजलेला कॉम्प्युटर. मी म्हटलं, बाई, त्रुटी काय आहे तेवढं सांगा. तिने अर्ज उघडला, बघितलं, आणि म्हणाली, अहो काका, टीसीचं दुसरं पान उलटं स्कॅन झालंय, अपसाइड डाऊन, जन्मतारीख वाचता येत नाहीये. मी म्हटलं, मग हेच लिहायचं होतंत की. तर ती म्हणाली, काका, मला आधीच्या क्लार्कनी सांगितलं होतं की तिथे हेच तीन शब्द टाकायचे, ते कॉपी करून ठेवलेत, पेस्ट करते. आधीचा क्लार्क कोण विचारलं नाही. त्याला कुणीतरी शिकवलं असणार, आणि त्या कुणीतरीला आणखी कुणी.

घरी आलो, पान सुलटं करून टाकलं, दोन दिवसांत दाखला आला. पुढच्या आठवड्यात शेजारच्या जोशीकाकूंच्या मुलीचा अर्ज त्याच ऑफिसातून परत आला म्हणून त्या फोन घेऊन माझ्याकडे आल्या, बघा ना भाऊ, काय म्हणतायत. मी चष्मा लावला. चौकोनात लिहिलं होतं, लाईट बिल मागच्या वर्षीचं आहे, या तीन महिन्यांतलं कुठलंही चालेल, फोटो काढताना चारी कोपरे दिसू द्या.

काकू म्हणाल्या, कळलं मला, तुम्ही कशाला चष्मा लावलात.

नमस्कार.