पहिल्या गोळीच्या आधी

[दृश्य: सकाळ. दवाखान्याची नोंदणी खिडकी, भिंतीलगतच्या खुर्च्या.]

निवेदन:
नशेचा शेवटचा डोस घेऊन 12 तास उलटलेत. नाकाडोळ्यांतून पाणी वाहतंय, पोटात कळा येतायत, अंगावर काटा आहे, रात्रभर डोळा लागलेला नाही. ब्युप्रेनॉर्फिन, म्हणजे ओपिऑइडच्या (अफूच्या जातीच्या अमली पदार्थांच्या) व्यसनावरचं औषध, सुरू करायची वेळ येते ती अशाच अवस्थेत. त्याआधी गोळी दिली तर त्रास एकदम उसळतो. फेंटानिल हे फार तीव्र ओपिऑइड घेणाऱ्याला तर बऱ्याचदा याहूनही जास्त वेळ कळ काढावी लागते. आणि उशीर झाला, तर माणूस उठतो आणि जिथून आला तिथे परत जातो. रस्त्यावर फेंटानिल मिळायला कुठला फॉर्म भरावा लागत नाही.

अमेरिकेतल्या दवाखान्यात मात्र भरावा लागतो. विमा आहे का? पगाराची पावती आणली का? तपासणीची फी, लघवीच्या चाचणीचे पैसे, समुपदेशनाचे वेगळे, आणि औषध बाहेरच्या फार्मसीतून. विमा असला तरी कंपनीची पूर्वमंजुरी हवी, आणि ती कधी त्याच दिवशी मिळते, कधी मिळत नाही. एकेक रक्कम पाहिली तर फार मोठी वाटणार नाही. पण ज्याची नोकरी गेली आहे, त्याच्यासमोर ती सगळी एकाच सकाळी येऊन उभी राहते.

[दृश्य: जिभेखाली ठेवायची गोळी, हातांचा क्लोज-अप.]

निवेदन:
अमेरिकेत 2021 आणि 2022 या दोन्ही वर्षांत अमली पदार्थांच्या ओव्हरडोसने एक लाखाहून जास्त माणसं गेली. त्यांतले बहुतेक मृत्यू ओपिऑइडमुळे झाले. 2024 मध्ये आकडा बराच खाली आला, तरी तो 80 हजारांच्या आसपास होता. आणि उपाय सापडलेला नाही असंही नाही. मेथाडोन या अशाच दुसऱ्या औषधाने उपचार न्यूयॉर्कमध्ये 1960 च्या दशकातच सुरू झाले. ब्युप्रेनॉर्फिनला या व्यसनावरच्या उपचारासाठी 2002 मध्ये मान्यता मिळाली. ही औषधं चालू असताना मृत्यूचा धोका जवळजवळ निम्म्याने घटतो. औषध मध्येच सुटलं की तो पुन्हा चढतो. म्हणून एका महिन्याचे पैसे कमी पडणं ही इथे जिवावरची गोष्ट ठरते.

[दृश्य: जुनी छायाचित्रं. मिसिसिपी डेल्टा, कापसाची शेतं.]

निवेदन:
अमेरिकेतली सामुदायिक आरोग्य केंद्रं जन्मालाच आली ती पैशाची अडचण ओळखून. 1965 मध्ये बॉस्टनच्या कोलंबिया पॉइंट वस्तीत पहिलं केंद्र उघडलं, आणि 1967 मध्ये मिसिसिपीतल्या माउंड बायू गावात आणखी एक. तिथे डॉ. जॅक गायगर यांच्याकडे उपाशी मुलं येत. गायगर चिठ्ठीवर अन्न लिहून देत. घरच्यांनी किराणा दुकानातून सामान घ्यायचं आणि बिल केंद्राच्या औषधखर्चात टाकायचं. वॉशिंग्टनहून आक्षेप आला. गायगर यांचं म्हणणं एवढंच होतं, की कुपोषणावरचं औषध अन्नच आहे.

आजही या केंद्रांना कायद्याने बंधन आहे: पैसे नाहीत म्हणून कुणाला परत पाठवायचं नाही. उत्पन्न सरकारी दारिद्र्यरेषेच्या आत असेल तर पूर्ण सवलत किंवा नाममात्र फी. रेषेच्या दुपटीपर्यंत उतरत्या दराने सवलत. औषधंही त्यांना 1992 च्या एका कायद्यामुळे स्वस्तात खरेदी करता येतात.

नियम चांगला आहे. पण नाममात्र फीसुद्धा काही जणांना दारातूनच परत पाठवते. बाहेरच्या प्रयोगशाळेचं बिल सवलतीत बसतंच असं नाही. महिन्यातून एकदा टोचायचं ब्युप्रेनॉर्फिनचं इंजेक्शन 2017 मध्ये मंजूर झालं, तेव्हा एका डोसची किंमत 1580 डॉलर होती. आणि मेथाडोन तर या दवाखान्यांत सहसा मिळतच नाही. त्यासाठी वेगळं परवानाधारक केंद्र, सुरुवातीला जवळजवळ रोजची फेरी, गाडीभाडं, कामावर उशीर, मुलांना सांभाळायला कोण? हा खर्च कुठल्याच बिलावर छापलेला नसतो.

[दृश्य: डॉक्टर संगणकावर औषध लिहून देतात.]

निवेदन:
बदल झालेत. ब्युप्रेनॉर्फिन लिहून द्यायला डॉक्टरांना लागणारी खास परवानगी 2022 च्या अखेरीस रद्द झाली. गरिबांसाठीच्या मेडिकेड विम्यात व्यसनावरची ही औषधं आता समाविष्ट आहेत. पण आधी मेडिकेड मिळायला हवं. 2014 मध्ये ते जास्त लोकांना खुलं करण्याची सोय झाली, तरी काही राज्यांनी ती स्वीकारली नाही. त्यांत मिसिसिपी आहे. माउंड बायूचं मिसिसिपी! हे मनाला फार लागतं.

तेव्हा दवाखान्याच्या हातात जे आहे, ते तरी त्याने करावं. पहिली गोळी आधी द्यावी, कागदपत्रं नंतर घ्यावीत. चाचणीचे पैसे रुग्णाकडे मागू नयेत. पहिली भेट फुकट ठेवावी आणि ते खिडकीवर मोठ्या अक्षरांत लिहावं, कारण फुकट आहे हे माहीतच नसेल तर तो माणूस आत येणार नाही.

[दृश्य: काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, सभागृहातली बैठक.]

निवेदन:
यासाठी पैसा आहे. ओपिऑइड वेदनाशामकं बनवणाऱ्या, पुरवणाऱ्या आणि विकणाऱ्या कंपन्यांनी खटले मिटवताना 50 अब्ज डॉलरहून जास्त रक्कम द्यायचं मान्य केलं. ती बरीच वर्षं हप्त्याहप्त्याने राज्यांना आणि काउंट्यांना मिळत राहील. पुरवठादार कंपन्यांशी झालेल्या राष्ट्रीय समझोत्यात खर्चाची यादी जोडलेली आहे, आणि विमा नसलेल्यांना ही औषधं पुरवणं त्या यादीत ठळकपणे येतं. आपल्या काउंटीने त्यातलं किती दवाखान्यांना दिलं, हा प्रश्न रुग्णांच्या घरच्यांनी आणि दवाखान्यांनी तिथे जाऊन विचारायला हवा, पुढचा हप्ता वाटला जायच्या आत.