भूमध्य झुडपं आणि शून्याखालचा पारा

श्रोतेहो, नमस्कार.

जिथे दर हिवाळ्यात पारा शून्याखाली जातो, तिथे ऑलिव्ह, कण्हेर, मर्टल, रोझमेरी अशी भूमध्य समुद्राकाठची झाडं लावायचा हट्ट फार जुना आहे. फ्रान्सच्या चौदाव्या लुईलाही तो होता. व्हर्सायला त्याने १६८४ ते १६८६ या काळात संत्र्याच्या झाडांसाठी एक भव्य दालन बांधून घेतलं. जाडजूड भिंती आणि दक्षिणेला उंचच उंच खिडक्या. तिथली कण्हेर, डाळिंबं, संत्री आजही लाकडी पेट्यांतून थंडीत आत जातात आणि मे महिन्यात बाहेर येतात. आत त्यांना उबेत ठेवत नाहीत, फक्त गोठू देत नाहीत. घरी कुंड्या आत घेणारे नेमके इथेच चुकतात. दिवाणखान्यात हीटरशेजारी ठेवलेली कण्हेर कमी उजेडात लांबट, फिकट फुटवे काढते, खवले कीड ओढवून घेते आणि वसंतापर्यंत पार मरगळते. पाच ते दहा अंशांची, उजेडाची, न तापवलेली खोली तिला पुष्कळ मानवते.

आता जमिनीत लावायच्या झाडांकडे येऊ. ही झाडं उन्हाळी, म्हणजे त्यांना थंडीच मारते, असं सगळे धरून चालतात. पण भूमध्य समुद्राभोवतीचा पाऊस मुख्यतः हिवाळ्यातच पडतो, उन्हाळा तिथे कोरडा. म्हणजे ही झाडं हिवाळ्यात भिजतातच. फरक मातीचा आहे. तिथल्या चुनखडीच्या, दगडाळ उतारांवर पाणी थांबत नाही. आपण मात्र तेच झाड सपाट, चिकण मातीत लावतो. मुळं आठवडेच्या आठवडे गार पाण्यात बसतात, कुजायला लागतात, आणि मग कडाका येतो. दोष सगळा कडाक्याला! माझं मत विचाराल तर झाड झाकायचं कापड नंतर आणा, आधी जमिनीचा निचरा बघा. मातीत भरड वाळू आणि खडी भरपूर मिसळा, झाड उंचवट्यावर लावा, बुंध्याभोवती पालापाचोळ्याऐवजी बारीक खडी पसरा.

झाड किती अंश सोसतं, हा प्रश्न हमखास येतो. साधारण सांगायचं तर ऑलिव्ह उणे सात-आठपर्यंत तग धरतो, उणे बाराच्या खाली त्याच्या खोडालाच इजा होते. कण्हेर त्याहून नाजूक. लॅव्हेंडरमध्ये इंग्लिश म्हणतात ती जात चिवट आणि टोकाला जांभळ्या पाकळ्यांचा तुरा असणारी जात हळवी. पण हे आकडे तेवढ्यापुरतेच. १९५६ चा फेब्रुवारी बघा. दक्षिण फ्रान्समध्ये जानेवारी उबदार गेला होता, ऑलिव्हमध्ये रस चढायला लागला होता, आणि महिना पालटताच पारा धाडकन कोसळला. बागाच्या बागा गेल्या. तेवढीच थंडी पायरीपायरीने आली असती तर इतकी हानी झाली नसती.

कारण पानाच्या आत काय घडतं ते पाहा. बर्फ आधी पेशींच्या मधल्या जागेत धरतो आणि पेशीतलं पाणी बाहेर ओढून घेतो. म्हणजे पेशी एका अर्थी सुकून मरते. दिवस लहान होतात, गारवा वाढतो, तशी झाडं पेशींत साखर साठवून या सुकण्याची तयारी करतात. त्या तयारीला काही आठवडे लागतात. आणि नेमक्या त्याच वेळी आपण हौसेने नत्रयुक्त खत घालतो, छाटणी करतो, लुसलुशीत पालवी फुटते आणि पहिल्याच गोठत्या रात्री काळी पडते. उन्हाळा सरत आला की नत्र बंद, पाणी कमी आणि कात्री खुंटीला.

जागा निवडताना एक ध्यानात ठेवा. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री थंड हवा जड होऊन उतारावरून खाली वाहते आणि खोलगट जागी साचते. म्हणून बागेचा तळ टाळावा. दिवसभर ऊन खाणारी दगडी किंवा विटांची भिंत रात्री ती ऊब परत देते, तिच्या पायथ्याची जागा सर्वांत उत्तम. लागवड वसंतात करा, म्हणजे मुळांना पहिल्या हिवाळ्याआधी अख्खा हंगाम मिळतो. कुंडीतल्या मुळांना चारही बाजूंनी गारठा लागतो, म्हणून बाहेर राहणारी कुंडीच गुंडाळा आणि विटांवर उचलून ठेवा. वरून प्लास्टिक नको. ते पानांना चिकटतं आणि आत ओल कोंडते. हवा खेळेल असं विणलेलं पांढरं कापड बरं, तेही कडाक्यापुरतंच.

एवढं करूनही एखादं झाड तपकिरी पडतं. लगेच उपटू नका. काडीवर नखाने हलकेच साल खरवडा. खाली ओलसर हिरवा थर दिसला तर काडी जिवंत आहे. कोरडं, तपकिरी लागलं तर थोडं खाली सरका, पुन्हा खरवडा. वरचं सगळं गेलं तरी ऑलिव्ह, मर्टल, कण्हेर बुंध्यातून फुटू शकतात. १९८५ च्या जानेवारीत इटलीच्या टस्कनी प्रांतातले असंख्य ऑलिव्ह गोठले, पुढे त्यांच्याच बुडख्यांतून नवे धुमारे आले. उन्हाळा लागेपर्यंत वाट बघा, मगच मेलेलं कापा. कण्हेर कापताना हातमोजे घाला आणि फांद्या जाळू नका, तिचा धूरही विषारी असतो.

लॅव्हेंडर आणि रोझमेरी मात्र जुन्या, निबर लाकडातून सहसा फुटत नाहीत. त्यांच्यासाठी उन्हाळ्याच्या अखेरीस बोटभर लांबीच्या कोवळ्या काड्या घ्या, खालची पानं काढा, वाळूमिश्रित मातीत खोचा आणि ती छोटी कुंडी थंडीत आत ठेवा. बाहेरचं झाड गेलंच, तर वसंतात लावायला रोप हाताशी असेल.

नमस्कार.