भवानी गावचा मुक्काम

श्रोतेहो, नमस्कार.

नवरा आणि बायको, दोघेच, स्वतःच्या गाडीने महिनाभर प्रवासाला निघाले तर त्यांच्या वाट्याला काय काय येते, याविषयी मी आज आपल्याशी बोलणार आहे. माझे यजमान सेवानिवृत्त झाले, त्यानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात आम्ही हा प्रवास केला. डिसेंबरच्या मध्यास सोलापूर सोडले, विजयपूरच्या रस्त्याने कर्नाटकात शिरलो, म्हैसूरवरून तमिळनाडूत उतरलो, रामेश्वर केले आणि तंजावर, जिंजी, श्रीशैलम, हैदराबाद असे करीत संक्रांतीच्या आधी, गड्ड्याच्या, म्हणजे आपल्या सिद्धेश्वराच्या, यात्रेचे नंदीध्वज निघण्यापूर्वी, घरी परतलो. महिना आम्ही विचार करूनच निवडला होता. तमिळनाडूत ऑक्टोबर ते डिसेंबर हा पावसाचा काळ असतो, तो ओसरू लागतो तेव्हा तिकडे पोहोचावे आणि उन्हाचा तडाखा सुरू होण्याच्या पुष्कळ आधी परत फिरावे, असा तो हिशेब होता.

मला आज मुख्यतः एकच गोष्ट सांगायची आहे आणि ती मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे, कारण ऐकलेले वाक्य मागे जाऊन वाचता येत नाही. रोजचे अंतर एवढेच ठरवावे की, संध्याकाळी मुक्कामाला पोहोचल्यावर दोघांनाही एकमेकांशी बोलण्याची ताकद उरली पाहिजे. गाडी किती पळू शकते, रस्ता किती चांगला आहे, हे प्रश्न त्यानंतरचे आहेत.

पहिल्या दिवशी ते सहज साधले, कारण विजयपूर आपल्यापासून अवघे शंभर किलोमीटर आहे. दुसऱ्या दिवशी पहाटेच, शाळांच्या सहली येण्यापूर्वी, आम्ही गोलघुमटाच्या वरच्या सज्जात जाऊन उभे राहिलो. मुहम्मद आदिलशहाच्या या कबरीचा घुमट सुमारे ४४ मीटर व्यासाचा आहे. यजमान समोरच्या टोकाला गेले आणि भिंतीकडे तोंड करून त्यांनी हळूच विचारले, "गुडघा दुखतोय का गं?" घुमटाची सगळी रुंदी ओलांडून तो प्रश्न माझ्या कानाशी आला. महिन्याभरात पाहिलेल्या सर्व भव्य वास्तूंमध्ये मला आजही तो क्षण पहिल्याने आठवतो.

पुढे बदामी, पट्टदकल आणि हंपी झाले. बदामीच्या तिसऱ्या लेण्यात शके ५००, म्हणजे इसवी सन ५७८चा लेख आहे. हंपीविषयी इतके बोलले आणि लिहिले गेले आहे की, मी तेथे थांबत नाही. श्रवणबेळगोळविषयी मात्र बोललेच पाहिजे. अनवाणी पायांनी सहाशेहून अधिक पायऱ्या चढून गेल्यावर गोमटेश्वराच्या चरणांजवळ 'श्रीचावुण्डराजें करवियलें' ही मराठी ओळ दिसते. ती पाहण्यासाठी आपल्याकडची माणसे हौसेने एवढ्या लांब जातात. मात्र आपल्याच दक्षिण सोलापूर तालुक्यात, भीमा आणि सीना यांच्या संगमावर, हत्तरसंग कुडलच्या संगमेश्वर मंदिरात शके ९४०चा, म्हणजे इसवी सन १०१८चा मराठी शिलालेख आहे, आणि सोलापुरात जन्म काढलेल्या कितीतरी माणसांनी तो पाहिलेला नाही. माझे स्पष्ट मत आहे की, जिल्ह्यातील प्रत्येक शाळेची पहिली सहल कुडललाच जायला हवी.

आता मी त्या दिवसाकडे येते, ज्या दिवशी आमचा प्रवास जवळजवळ मोडला होता.

श्रवणबेळगोळच्या पायऱ्यांनी माझा उजवा पाय सुजला होता. म्हैसूरला मी यजमानांना म्हटले, "अहो, उद्याचा दिवस इथेच राहू या, मला उसंत हवी आहे." यजमानांनी आयुष्यभर हिशेबाच्या वह्या सांभाळल्या होत्या. या प्रवासासाठीही त्यांनी एक वही आखली होती, आणि तिच्यात तारीख, अंतर, मुक्काम व खर्च असे रकाने होते. त्या वहीप्रमाणे दुसऱ्या दिवशी रात्री मदुरैला पोहोचायचे होते आणि तेथील खोलीचे पैसे आधीच भरलेले होते. ते म्हणाले, "आजचे एक ठिकाण चुकले तर पुढचे सगळेच विसकटेल." मी काही बोलले नाही. ते अबोलपण चामराजनगर मागे पडले तरी सुटले नाही.

म्हैसूरकडून तमिळनाडूत उतरणारा हा रस्ता सत्यमंगलमच्या व्याघ्र प्रकल्पातून जातो. रात्री तेथे वाहनांना बंदी असते, त्यामुळे सकाळी फाटक उघडताच रात्रभर खोळंबलेल्या मालमोटारींची रांग एकदम घाटाकडे सरकू लागते. त्या रांगेतूनच आम्ही दिंबम घाटात शिरलो. या घाटाला २७ हेअरपिन वळणे आहेत, आणि प्रत्येक वळणाच्या तोंडाशी समोरून चढून येणाऱ्या मोटारीला वाट देण्यासाठी थांबावे लागते. एरवी मी अशा ठिकाणी पाट्या वाचून दाखवते, पाण्याची बाटली पुढे करते, घाट उतरताना 'दुसऱ्या गियरमध्येच राहू द्या' म्हणते. त्या दिवशी मी खिडकीबाहेर पाहत बसले आणि त्यांनीही काही मागितले नाही. महिनाभराच्या प्रवासातील सर्वांत वाईट जागा कोणती असे मला कोणी विचारले तर मी ती सत्तावीस वळणे सांगेन, कारण दोन हातांच्या अंतरावर बसून आम्ही दोघेही एकटे होतो.

घाट उतरून सपाटीला लागल्यानंतर, भवानी गावाच्या अलीकडे, गाडी बिघडली. इंजिनाचा आवाज वाढत होता, पण गाडीला वेग येत नव्हता, आणि जळक्या क्लचचा तो उग्र वास आत भरला होता. दोन मुलांनी गाडी ढकलत एका छोट्या गॅरेजपर्यंत आणून दिली. मेस्त्रीला तमिळखेरीज दुसरी भाषा येत नसावी असे आम्हांला वाटले, परंतु 'क्लच प्लेट' हे शब्द कोणालाही समजतात. त्याने बोटांनी खुणा करून सांगितले की, सुटा भाग इरोडहून आणावा लागेल, आज नाताळ असल्याने दुकान बंद आहे, म्हणजे काम उद्याच होईल. यजमान वही उघडून बसले आणि तशीच मिटून ठेवली.

तेवढ्यात गॅरेजच्या मागच्या घरातून एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला. ती नातवाला हाक मारीत होती, "बा इल्ली, ऊट माडु." श्रोतेहो, माझे माहेर अक्कलकोट तालुक्यातले आहे आणि आमच्या घरात कानडी बोलले जाते. सातशे-आठशे किलोमीटरवर, तमिळ मुलखात, माझ्या आईच्या तोंडचे वाक्य मला जसेच्या तसे ऐकू आले. मी सुजलेल्या पायानेच उठले आणि दारात जाऊन कानडीत म्हटले, "अज्जी, आम्ही सोलापूरचे." त्या भागात कानडी बोलणारी पुष्कळ घराणी पिढ्यान् पिढ्या राहत आहेत, हे मला नंतर कळले. अज्जींनी माझा पाय पाहिला, मला ओट्यावर बसवले, नातवाला गरम पाणी आणायला पाठवले, आणि मग विचारले की, सोलापूर म्हणजे चादरीचे सोलापूर का.

अज्जींच्या घरात माग होता. भवानीची जमक्काळम, म्हणजे जाड सुताची, रुंद रंगीत पट्ट्यांची सतरंजी, दक्षिणेत प्रसिद्ध आहे, आणि आपल्या चादरीप्रमाणेच तिलाही भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. माझे वडील सोलापुरात चादरीच्या कारखान्यात जॉबर होते, त्यामुळे धोट्याचा आवाज आणि खळीचा वास यांतच माझे बालपण गेले. गाडीच्या मागच्या आसनावर आमची चादर होती, ती मी आणून अज्जींच्या मांडीवर ठेवली. त्यांनी नक्षीकडे पाहिलेसुद्धा नाही. त्यांनी आधी चादर उलटी केली, किनारीवरून अंगठा फिरवला, दशा मोजल्यासारख्या केल्या आणि विचारले, "सूत कुठून येते तुमच्याकडे? मजुरी काय मिळते?" चादर अशीच पाहायची असते. आज सोलापुरी या नावाखाली भलतीकडच्या चादरी सर्रास विकल्या जातात आणि आपणही वरची नक्षी पाहून त्या घेतो, याचे मला मनापासून दुःख होते. ज्या शहराला मागाने पोसले, त्या शहरातील माणसाला कापड उलटे करून पाहता आले पाहिजे.

यजमान अंगणात उभे होते. अज्जींनी त्यांना आत बोलावले आणि कांडी, म्हणजे धोट्यात बसणारी सुताची नळी, भरण्याच्या चरख्यापुढे बसवले. विणकराच्या घरचा जावई असूनही त्यांनी कधी कांडी भरली नव्हती. त्यांनी चाक जोरात फिरवले आणि सूत तुटले. अज्जींनी गाठ मारून दिली, पुन्हा तुटले. तेव्हा अज्जी काहीतरी म्हणाल्या आणि यजमानांनी माझ्याकडे पाहिले, कारण त्यांना कानडी येत नाही. मी सांगितले, "त्या म्हणतात, चाकाकडे बघू नकोस, सुताकडे बघ, सूत देईल तेवढेच चाक फिरव." सकाळपासून मी त्यांच्याशी बोललेले ते पहिले वाक्य माझे नव्हतेच, ते अज्जींचे होते. त्यानंतर त्यांनी विचारले, मी कानडीत सांगितले, अज्जींनी उत्तर दिले, मी मराठीत सांगितले, आणि असे करता करता संध्याकाळ झाली. कांड्यांची टोपली भरली तेव्हा ते मला म्हणाले, "पाय कसा आहे आता?"

रात्री अज्जींच्या घरी भात आणि रसम जेवलो. आमच्या डब्यातली कडक भाकरी आणि शेंगाची चटणी त्यांना दिली, तेव्हा त्यांनी भाकरी रसमात कुसकरून नातवाला भरवली. जेवणानंतर यजमानांनी मदुरैला फोन करून खोली रद्द केली. भरलेले पैसे बुडाले, त्याविषयी ते एक शब्दही बोलले नाहीत. मग वही घेऊन माझ्याजवळ बसले आणि म्हणाले, "आता तू सांग, काय गाळायचे." आम्ही कन्याकुमारी गाळली. एका वेळी तीन तासांहून अधिक गाडी चालवायची नाही, दुपारी कुठेतरी सावलीत थांबायचे, आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस गाडीला हातच लावायचा नाही, असे त्या रात्री ठरले. म्हणून श्रोतेहो, मी पुन्हा सांगते, संध्याकाळी दोघांनाही बोलण्याची ताकद उरली पाहिजे, आणि त्यासाठी काय गाळायचे हे दोघांनी मिळून ठरवले पाहिजे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेस्त्री सुटा भाग आणायला गेला आणि अज्जी आम्हांला देवळात घेऊन गेल्या. तिकडच्या मार्गळी महिन्यातली ती सकाळ होती, त्यामुळे प्रत्येक दारापुढे पांढऱ्या पिठाची मोठमोठी रांगोळी होती. कावेरी आणि भवानी यांच्या संगमावरचे ते देऊळही संगमेश्वराचेच आहे. आमच्या कुडललाही दोन नद्या आहेत आणि तोच देव आहे, असे मी सांगितल्यावर अज्जींनी त्या नद्यांची नावे विचारली आणि भीमा, सीना अशी दोनदा म्हणून पाहिली. दुपारी गाडी तयार झाली. मेस्त्रीने सुट्या भागाची किंमत आणि मजुरी घेतली, मुक्कामाचे काही घेतले नाही. मी अज्जींकडून एक जमक्काळम भाव न करता विकत घेतली, आणि चादर त्यांच्याकडेच राहू दिली.

पुढचा प्रवास थोडक्यात सांगते. तंजावरला पोहोचल्यावर मला ताप आला आणि मी अंथरुणावर पडून राहिले. वहीत आता मोकळे दिवस होते म्हणून तो ताप निभावला. बरे वाटल्यावर आम्ही बृहदीश्वराच्या देवळात गेलो. दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ साली तेथील भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला आहे. तो लेख फार मोठा आहे, आणि यजमान वाचत आहेत, मी पायरीवर बसून ऐकत आहे, अशी आमची एक संपूर्ण दुपार गेली. जिंजीला, राजाराम महाराजांनी मोगलांचा वेढा सोसला तो किल्ला खालूनच पाहिला, कारण माझा पाय चढण्याजोगा नव्हता. यजमानांना एकट्याने चढून या असे मी म्हटले, तर ते गेले नाहीत. चौथ्या आठवड्यात मात्र दोघांनाही प्रवासाचा शीण आला. ओलसर हवेत कपडे वाळत नव्हते, रोज नवी खोली, नवी उशी नकोशी झाली होती, आणि जो तो आपल्या फोनवर सोलापूरच्या बातम्या वाचत बसे. हा शीण येतोच आणि त्यावर मला काही उपाय सापडला नाही. अशा दिवसांत महत्त्वाचे निर्णय घेऊ नयेत, एवढेच मी सांगू शकते.

शेवटच्या दिवशी हैदराबादहून निघालो तेव्हा मी मनाने घरी पोहोचलेच होते. नळदुर्ग आले, म्हणजे घर तासाभरावर आले. यजमानांनी किल्ल्याकडे गाडी वळवली आणि म्हणाले, "इतक्या वेळा इथून गेलो, पाणीमहाल नीट कधी पाहिला नाही, दोन तास थांबू या." बोरी नदीच्या बांधातील तो महाल आम्ही सावकाश पाहिला, उरलेली कडक भाकरी तेथेच संपवली, आणि दिवेलागणीनंतर सोलापुरात शिरलो.