बिल्ल्याच्या कडेवरचा नंबर

(दृश्य: वाड्याची पडवी, उघडी लोखंडी ट्रंक)

"पणजोबा बसऱ्याला गेले, ते आलेच नाहीत." बसरा आजच्या इराकमध्ये. सातारा-सांगलीकडच्या कितीतरी घरांत पहिल्या महायुद्धाची आठवण एवढ्या एका वाक्यात उरली आहे. साल माहीत नाही, पलटण माहीत नाही. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी या एका गावानं त्या युद्धात 46 माणसं गमावली. इंग्रज सरकारनं गावोगाव संगमरवरी पाट्या बसवल्या: या गावातून इतके गेले, त्यांतल्या इतक्यांनी प्राण दिले. साल 1914 ते 1919, कारण लढाई 1918 ला थांबली तरी तह पुढच्या वर्षी झाला. पाटीवर आकडे आहेत, नावं नाहीत. नाव घरातच शोधायचं.

(दृश्य: तळहातावर चांदीचा बिल्ला, एका बाजूनं टॉर्च)

ट्रंकेत बिल्ला सापडला की आधी त्याची कड बघा. एका बाजूला इंग्लंडचा राजा पंचम जॉर्ज याचं मुंडकं, दुसऱ्या बाजूला घोडेस्वार, व्यास 36 मिलिमीटर: हे ब्रिटिश वॉर मेडल. कडेवर बारीक अक्षरांत नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. खोलीत अंधार करून टॉर्च आडवी धरा, अक्षरांच्या खाचांत सावली पडते, मग फोटो घ्या. चिंच किंवा पितांबरी लावून घासू नका. आधीच झिजलेल्या कडेवरचा शेवटचा आकडा त्यातच जातो, आणि 3 होता की 8 याचा वाद घरात कायमचा राहतो. हा बिल्ला चांदीचा, म्हणून अडीअडचणीला सोनाराकडे गेलेलाही हाच. तसं झालं असेल तर इंद्रधनुषी फितीचं व्हिक्टरी मेडल राहिलंय का पाहा, त्याच्याही कडेवर हीच माहिती असते. 1914-15 चा स्टार, म्हणजे ताऱ्याच्या आकाराचा बिल्ला, असेल तर उलटा करा, मजकूर पाठीवर असतो.

ताटलीएवढी, साधारण 12 सेंटिमीटरची ब्राँझची गोल चकती निघाली, तर माणूस युद्धात मरण पावला हे पक्कं. ती मृताच्या घरीच पाठवत. पण तिच्यावर नुसतं नाव असतं. नंबर नाही, हुद्दा नाही, पलटण नाही. एका नावाचे दहा जाधव निघतात, तिथं चकती एकटी पुरत नाही.

नंबरही एकटा पुरत नाही. त्या काळी प्रत्येक पलटणीची नंबरांची माळ वेगळी होती, म्हणून नंबर आणि पलटण ही जोडीच धरायची. इथं हमखास गल्लत होते. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी 103, 105, 110, 114, 116, 117 अशा होत्या. यांपैकी 103, 110 आणि 117 इराकमधल्या कूत गावाच्या वेढ्यात अडकल्या, आणि 29 एप्रिल 1916 ला तिथल्या फौजेनं शरणागती पत्करली. 1922 मध्ये या सगळ्यांची मिळून 5वी मराठा लाइट इन्फन्ट्री झाली. जुनी 103 झाली पहिली बटालियन, 110 तिसरी, 117 पाचवी. त्यामुळे दुसऱ्या महायुद्धाच्या कागदावर 3/5 दिसलं, तर ती 5व्या रेजिमेंटची तिसरी बटालियन. तीन किंवा पाच यांतला एकच आकडा उचलला की शोध भलत्याच आघाडीवर जातो.

(दृश्य: मोबाइलचा पडदा)

आता कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची, म्हणजे दोन्ही महायुद्धांतल्या मृत सैनिकांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेची वेबसाइट. शोध फुकट आहे, मात्र इंग्रजीत. आपल्याकडच्या शिपायांचं पूर्ण नाव बहुधा आडनावाच्याच रकान्यात असतं, म्हणून नाव आणि आडनाव वेगळं टाकलं तर काहीच मिळत नाही. आधी फक्त नंबर टाका. नाही जमलं तर जादा माहितीच्या रकान्यात गाव. स्पेलिंग कारकुनाच्या कानावर गेलेलं आहे: शिंद्यांचा सिंदे, पवारांचा पोवार, भोसल्यांचा भोन्सले. गावाचंही तेच.

सांगलीकरांनी एक लक्षात ठेवावं. 1949 पर्यंत सांगली जिल्हाच नव्हता. आधी दक्षिण सातारा झाला, सांगली हे नाव 1960 चं. वाळवा, तासगाव, खानापूरचा शिपाई नोंदीत साताऱ्याचाच असतो. मिरज किंवा जत संस्थानातला असेल तर संस्थानाचं नावही टाकून पाहा.

आणखी एक. ही यादी फक्त मृतांची आहे. पहिल्या युद्धासाठी 31 ऑगस्ट 1921, दुसऱ्यासाठी 31 डिसेंबर 1947 या तारखेपर्यंतची. परत येऊन म्हातारपणी गेलेले आजोबा तिथं सापडणार नाहीत.

(दृश्य: बसरा स्मारकाचं जुनं छायाचित्र)

बसरा स्मारक 40 हजारांहून अधिक माणसांचं. 1997 मध्ये ते मूळ जागेवरून उचलून शहराबाहेर वाळवंटात नेलं. तिथं आपल्या साध्या शिपायांची नावं कोरलेली नाहीत, पलटणीखाली संख्या आहे. नाव आहे ते नोंदवहीत, आणि आता पडद्यावर.

नोंद सापडली की वेबसाइटवरून दाखला डाउनलोड करून छापून घ्या. त्यातलं चुकीचं स्पेलिंग खोडू नका, पुढच्यांना शोधायला तेच लागणार. शेजारी पेन्सिलीनं आजचं नाव, गाव, तालुका लिहा आणि बिल्ल्याच्या कडेचा फोटो मागं चिकटवा.