घण तिच्या हातात

(दृश्य: गावाबाहेरचं पाल. जमिनीत खणलेली भट्टी, लाकडी ओंडक्यात रोवलेली ऐरण.)

आधी नुसता आवाज ऐका. एक हलका ठोका, मागोमाग जड घाव. पुन्हा हलका, पुन्हा जड.

हलका ठोका हातोडीचा. भट्टीजवळ बसलेला कारागीर सांडशीत लालबुंद लोखंड धरतो आणि हातोडी टेकवून दाखवतो, घाव इथं हवा. जड घाव घणाचा. तो घालते त्याची बायको, पदर कमरेला खोचून. मध्ये एक शब्द बोलला जात नाही. घाव दोन बोटं इकडे-तिकडे पडला तर पातं वाकडं होईल, आणि लोखंड तर डोळ्यांदेखत निवत चाललेलं.

हे घिसाडी. महाराष्ट्रात गावोगाव फिरून लोहारकाम करणारी भटकी जमात. आपलं मूळ ते चितोडकडचं सांगतात. घरात बोलतात ती तारीमुकी, गुजराती-राजस्थानीला जवळची बोली. गावचा लोहार बलुतेदार असायचा. त्याची साळ गावात, सुगीला खळ्यावर त्याचा धान्याचा वाटा ठरलेला. घिसाड्यांना असं हक्काचं बलुतं नव्हतं. काम असेल तिथं पाल, आणि मजुरी हातावर, कधी रोख, कधी पायलीभर ज्वारी. पेरणीआधी नांगराचे फाळ शेवटायचे, म्हणजे झिजलेलं टोक तापवून-ठोकून पुन्हा धारदार करायचं, सुगीच्या तोंडावर विळ्या-खुरप्यांना धार लावायची. त्यांची वाट शेतीच्या हंगामानं आखलेली असायची.

(दृश्य: पेंच नदीचा काठ.)

आपल्याकडे लोखंडाचं काम फार जुनं आहे. नागपूर जिल्ह्यातल्या नायकुंडला १९७० च्या दशकाच्या अखेरीस शां. भा. देव आणि अ. प्र. जामखेडकर या पुरातत्त्वज्ञांनी उत्खनन केलं. तिथं लोखंड गाळायची अख्खी भट्टी मिळाली. मातीच्या वक्र विटा, भात्याची हवा आत नेणाऱ्या मातीच्या नळ्या, बाजूला पडलेलं लोहकीट, म्हणजे लोखंड गाळून उरलेला मळ. काळ इसवीसनपूर्व सातव्या शतकाच्या आसपासचा. विदर्भातल्या शिळावर्तुळांतही, म्हणजे भोवती मोठे दगड मांडलेल्या प्राचीन दफनांतही, मृतांसोबत लोखंडी कुऱ्हाडी, छिन्न्या, खंजीर पुरलेले सापडतात. माणसाला निरोप देताना सोबत लोखंड द्यावंसं वाटलं, इतकं ते मोलाचं होतं.

आज पालावरचा कच्चा माल म्हणजे बहुतेकदा ट्रकच्या स्प्रिंगचा जुना पाटा. भंगारात मिळतो, पण पोलाद अस्सल.

(दृश्य: छिन्नीचं टोक, अगदी जवळून.)

आता नीट बघा. ही छिन्नी ठोकून झाली आहे. खरं कसब पुढं आहे, पाणी देण्यात. टोक चांगलं लाल तापवून पाण्यात बुडवलं की चर्र आवाज होतो आणि पोलाद कडक होतं. इतकं कडक, की दगडावर आपटलं तर काचेसारखं तुटेल. म्हणून कारागीर फक्त टोकच बुडवतो, मागचा भाग तापलेला ठेवतो. मग टोक दगडावर घासून उजळ करतो आणि वाट बघतो. मागची उष्णता हळूहळू पुढं सरकते आणि उजळ पोलादावर रंग चढू लागतात. आधी वाळल्या गवतासारखा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, शेवटी निळा. साधारण २२० ते ३०० अंशांमधला हा सगळा खेळ. हवा तो रंग टोकाशी पोचला, की त्याच क्षणी पुन्हा पाण्यात. चार सेकंद उशीर झाला तर धार मऊ पडते. पालात तापमापक नाही. हे मोजमाप डोळ्यांत आहे आणि ते लहानपणापासून भट्टीशी बसूनच येतं.

अशा हातांनी घडवलेल्या वस्तूंना आपल्या घरात केवढा मान आहे. बाळाच्या पाचवीच्या पूजेत विळा किंवा कोयता मांडतात. बाळंतिणीच्या उशाखाली लोखंड ठेवतात. उंबऱ्याला घोड्याची नाल ठोकतात. खंडेनवमीला हत्यारं पुजली जातात, आणि लोहाराच्या घरी ऐरणीला कुणी पाय लागू देत नाही. ज्या लोखंडावर तान्ह्या जिवाची राखण सोपवली, ते घडवणाऱ्यांना मात्र गावानं वेशीबाहेरच ठेवलं. हे सलतं, आणि सलायलाच हवं.

(दृश्य: ती घण खाली ठेवून घाम पुसते.)

ट्रॅक्टर आला आणि फाळ शेवटायचं काम आटलं. बाजारात कारखान्याची खुरपी आली. चामड्याच्या भात्याच्या जागी हातानं फिरवायचा पंखा आला. यांत्रिक घणही मिळतो, पण त्याला वीज लागते, पक्की जागा लागते. पालाला ना मीटर, ना सातबारा.

२०२३ साली केंद्राची पीएम विश्वकर्मा योजना आली. अठरा व्यवसायांत लोहारकाम आहे. हत्यारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदत, सवलतीच्या व्याजानं कर्ज. चांगलं आहे. पण नियमानं एका कुटुंबातल्या एकाचीच नोंदणी होते, आणि नवरा-बायको मिळून एक कुटुंब. म्हणजे सांडशी धरणाऱ्याचं नाव लागलं, तर घण मारणारीचं राहिलं. लोहार म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं पुरुषच उभा राहतो, कागदावरही तोच राहणार. घिसाड्यांच्या कामात कारागीर दोन असतात. नोंदही दोघांची व्हायला हवी.